नटावरचा लाल ठिपका

गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायला इंजिन उघडावं लागत नाही. दहाचा पाना घ्या, मागच्या चाकापाशी बसा, ब्रेकच्या तारेच्या टोकाला जो नट असतो तो सहा फेरे सैल करा. पुढचाही तसाच. टायरात दगडासारखी हवा भरा. झालं काम. आता चाक हाताने फिरवलं तर पंख्यासारखं फिरत राहतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. फक्त थांबायची वेळ आली की गाडी थांबत नाही. मी एकोणीस वर्षं गॅरेजात काढली. "किती देते?" हे मला रोज वीस माणसांनी विचारलं. "थांबते का?" हे एकानेही विचारलं नाही.

गॅरेज माझ्या भावाचं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सगळा रस्ता त्याला दादा म्हणतो, त्यामुळे तो माझा एकट्याचा दादा कधी राहिलाच नाही. दुकानावर पाटी आहे : दादा अ‍ॅव्हरेजवाले. पाटीखाली खिळ्याला एक लिटरची बाटली टांगलेली. पेट्रोलची टाकी बंद करायची, बाटली हँडलला बांधायची, तिची नळी इंजिनाला जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. किती किलोमीटर गेली ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. त्या बाटलीवर दादाने नाव कमावलं. लांबून लांबून लोक यायचे. मोटरसायकलवाले, मोपेडवाले, छोट्या गाड्यावाले, पेट्रोलच्या भावाने पिचलेली सगळी माणसं.

बाटलीची चाचणी झाली की ब्रेक पुन्हा घट्ट करायचा, हा आमच्या दुकानाचा नियम होता. म्हणजे मला तसं वाटायचं.

माझी स्वतःची एक सवय होती. ब्रेक बसवून झाला की मी नटावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो, अर्धा नटावर, अर्धा तारेच्या आट्यांवर. नट कोणी हलवला किंवा धक्क्याने आपोआप फिरला तर ठिपका तुटतो. लांबून बघितलं तरी कळतं. दहा वर्षं मी लालच ठिपका देत आलो. दादा हसायचा. "आले ब्युटी पार्लरवाले," म्हणायचा. "अरे, गाडीचे ओठपण रंगव एकदा." सगळे हसायचे, मीपण हसायचो.

माझी बायको घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. लॅबवाले तिला पेट्रोलचे ठरावीक पैसे देतात, ते पंधरा तारखेला संपतात, म्हणून तिची जुनी मोपेड. हलकी, सायकलपेक्षा थोडीच जड. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. मधल्या वेळात ती गाडी गॅरेजात लावून जायची, लॅब तिथून जवळ पडते.

"माझा ब्रेक घट्टच ठेव," ती मला सांगायची. "दोन घोट जास्त प्यायली तरी चालेल. माझ्या डब्यात लोकांचं रक्त असतं. सांडलं आणि पुन्हा सुई टोचायला गेले तर दारातून हाकलतील."

त्या मंगळवारी सकाळी मी तिच्या गाडीचे दोन्ही ब्रेक बसवले. दुपारी सुटे भाग आणायला बाजारात गेलो. संध्याकाळी पाच वाजता ती गाडी घेऊन निघाली. लॅबच्या पुढे रस्ता सपाट आहे, मग एकदम उतार लागतो, उताराच्या तळाशी लाकडाच्या वखारीपुढे एक टेंपो उभा होता. तिने दोन्ही लिव्हर दाबल्या. त्या मुठीला जाऊन टेकल्या.

"दाबतेय, दाबतेय, काहीच नाही," ती नंतर सांगत होती. "जसं कोणी तारच कापून नेली."

गुडघ्याची वाटी फुटली. कपाळाला सहा टाके. हेल्मेट घातलं होतं म्हणून बाकी डोकं शाबूत.

मी दवाखान्यात पळालो. दादाने फोनवर सांगितलं, "तू तिच्याजवळ थांब, गाडी मी उचलून आणतो." तेव्हा माझे डोळे भरून आले होते. भाऊ असावा तर असा, असं वाटलं होतं मला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

रात्री तो आला. मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि मोबाइल पुढे केला. फोटो होता. मागच्या चाकाचा नट, अगदी टोकाशी आलेला, सहा-सात फेरे सैल. आणि त्या सैल नटावर लाल ठिपका. न तुटलेला.

"पुढचं चाक तर चेपून गेलंय, त्यात काही कळत नाही," दादा म्हणाला. "पण मागचं बघ. तुझीच खूण आहे. नट सैल आणि वर ठिपका. घट्ट करायचा राहिला तुझा, छोट्या."

मी त्या फोटोकडे बघत राहिलो. ठिपका माझा होता. दहा वर्षं मीच तर सगळ्यांना सांगत होतो, ठिपका शाबूत म्हणजे नट हललेला नाही. आता मी कोणत्या तोंडाने दुसरं काही बोलणार?

"मी घट्ट केला होता," मी म्हणालो. तेसुद्धा विचारल्यासारखं.

"असं होतं रे. डोक्यात शंभर गोष्टी असतात." मग तो आत गेला. बायको गुंगीतून नुकतीच बाहेर येत होती, तिची आई उशाशी बसली होती. दादाने दोघींसमोर हात जोडले. "लहान आहे. गडबडीत राहून जातं एखाद्याच्या हातून. त्याच्या वतीने मी माफी मागतो. दवाखान्याचं सगळं मी बघतो, तुम्ही फक्त त्याला बोलू नका."

सासू माझ्याकडे बघेना. बायकोने बघितलं. पट्टीखालून एकच डोळा दिसत होता.

"तू बघितला होतास ना ब्रेक?" तिने विचारलं.

"माझंच चुकलं," मी म्हणालो.

तिने डोळा मिटून घेतला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. साधा आरसा बसवला तरी तीन-तीनदा हलवून बघायचो. पाना हातात घेतला की परत खाली ठेवून द्यायचो. दादाने समजूतदारपणे माझ्याकडून ब्रेकचं काम काढून घेतलं. "तू काही दिवस पंक्चर बघ. हात बसू दे." गिऱ्हाइकांना कोणी सांगितलं कोण जाणे, पण सगळ्यांना माहीत झालं होतं. एक जण माझ्यासमोर दादाला म्हणाला, "माझी गाडी तुम्हीच बघा हां, यांच्याकडे नको." मी ऐकून खाली मान घातली आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसलो.

त्याच आठवड्यात दादाला मोठं काम मिळालं. एका गोदामाच्या तीस डिलिव्हरी मोटरसायकलींची वर्षभराची देखभाल. त्याने सगळ्यांना चहा पाजला. मलाही. मी प्यायलो.

घरी बायको पाय लांब करून खाटेवर. मी स्वयंपाक करायचो, तिचे केस विंचरायचो, बेडपॅन धुवायचो. ती "राहू दे," म्हणायची, "असू दे," म्हणायची. "राहून जातं एखाद्याच्या हातून," हेसुद्धा म्हणाली एकदा. दादाचं वाक्य तिच्या तोंडून आलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

अकराव्या दिवशी, शनिवारी, मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. त्यांच्याकडे एक जुनी मोटरसायकल आणि एक डायरी. प्रत्येक लिटरची नोंद. तारीख, वार, किलोमीटर, वारा कोणत्या दिशेने होता तेसुद्धा. पंधरा वर्षांच्या डायऱ्या आहेत त्यांच्याकडे. त्यांची बायको म्हणते माझ्या नावाची एक ओळ नाही त्यांत, असं ते स्वतःच सांगून हसतात.

"तू माझं नुकसान केलंस," आल्या आल्या मास्तरांनी डायरी उघडून माझ्या नाकासमोर धरली. "गेल्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी साडेदहा. ब्रेक घट्ट करून घेतला. त्यानंतर लिटरमागे दोन किलोमीटर कमी. हे बघ, लिहिलंय."

"मास्तर, ब्रेक लागायला पाहिजे ना."

"लागतो. फारच लागतो. काल मी कुत्र्यासाठी दाबला तर कुत्रंच दचकलं. थोडा सैल कर. नाहीतर तुझ्या भावाला सांगतो."

"दादालाच सांगा," मी म्हणालो. ब्रेकला हात लावायची माझी हिंमत नव्हती. पण वाकून बघितलं. सवय.

मास्तरांच्या नटावर ठिपका होता. जांभळा.

"हा जांभळा कोणी लावला?" मी विचारलं.

"तूच. मी विचारलं पण तुला, आज रंग बदललास का रे. तू म्हणालास, लाल बाटली वाळली, म्हणून बायकोची आणलीय."

मी तिथेच मातीत बसलो. मंगळवार. लाल बाटली. सकाळी घरातून निघताना मी बायकोला म्हणालो होतो, तुझ्याकडचं काहीतरी दे, माझी बाटली वाळली. तिने पर्समधून जांभळी काढून दिली होती. "संपवू नकोस," म्हणाली होती, "महाग आहे." दुकानात आल्यावर मी पहिलं काम तिच्या मोपेडचं केलं. दुसरं मास्तरांचं. दोन्ही एकाच बाटलीतून. दोन्ही जांभळे.

"काय झालं? चक्कर आली का?" मास्तर विचारत होते.

मी उठलो आणि मागच्या शेडमध्ये गेलो. मोपेड ताडपत्रीखाली होती. ती आल्यापासून मी तिच्याजवळ गेलो नव्हतो, हे दादाला पक्कं माहीत होतं. ताडपत्री काढली. पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं पिळलेलं. मागे वाकलो. नट सैल. नटावर ठिपका. लाल, लालच. नखाने खरवडला तर वरचं लाल निघालं आणि खाली आट्यांच्या खोबणीत जांभळ्याचा बारीक तुकडा दिसला. माझा ठिपका, तुटलेला, जागेवरून सहा फेरे लांब.

दुकानात येऊन माझा खण उघडला. वाळलेली लाल बाटली तिथेच होती. झाकण फिरवलं. ओली. थिनरचा वास.

सैल नट ही चूक असू शकते, चूक कोणाच्याही हातून होते. पण वाळलेल्या बाटलीत कोणी चुकून थिनर ओतत नाही.

दादा काउंटरवर बसला होता. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"ही ओली कशी झाली?"

"मला काय विचारतोस? ब्युटी पार्लर तुझं." तो हसला. बाकावरचे दोघं हसले.

"मंगळवारी मी जांभळा लावला होता. मास्तरांच्या डायरीत वेळ आहे. त्यांच्या गाडीवरचा नट बघ आणि मोपेडवरचा बघ. तिच्या नटावर लाल कुठून आला?"

त्याचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू ओसरलं. त्याने मला दंडाला धरलं आणि मागे शेडमध्ये नेलं.

"आवाज खाली," तो म्हणाला. "गोदामाचे साहेब आले होते त्या दुपारी. त्यांना बाटली दाखवायची होती. तुझ्या बायकोची गाडी हलकी, तीच घेतली. दोन्ही ब्रेक सैल केले, फिरवून आणली, साहेब खूश. मी घट्ट करणारच होतो. साहेब चहाला चला म्हणाले. आलो तर ती गाडी घेऊन गेली होती."

"फोन करायचा होतास तिला."

"केला असता. वाटलं, सपाट तर रस्ता आहे, लॅबपर्यंतच जाते."

"बरं. राहिलं. मग राहिलं म्हणायचं होतंस. रात्री दवाखान्यात येऊन माझ्यासमोर म्हणायचं होतंस, राहिलं माझ्याकडून. मी तुझ्या दोन कानाखाली मारल्या असत्या आणि मिटलं असतं."

"आणि तीस गाड्या? साहेबांना कळलं असतं की त्याच चाचणीनंतर त्याच गाडीने बाई पडली, तर? तू जरा विचार कर ना, छोट्या. पाटीवर नाव माझं आहे. तुझ्यावर आलं तर ते घरात राहतं. माझ्यावर आलं तर रस्त्यावर येतं."

घरात राहतं. माझ्या घरात, माझ्या खाटेवर, फुटलेल्या गुडघ्याशेजारी.

"दवाखान्याचं सगळं मी दिलं ना?" तो म्हणाला. "एक पैसा तुला काढू दिला नाही. आणि खरं सांगू? मला वाटलं होतं तू भांडशील. मी उत्तरं तयार ठेवली होती. तू दोन शब्दपण बोलला नाहीस. लगेच म्हणालास, माझंच चुकलं. मग मी काय करू?"

हे बोलताना तो खरोखर माझ्यावर थोडा रागावलेला होता. मी त्याच्या जाळ्यात इतक्या सहज पडलो याचा त्याला त्रास झाला होता.

मी बाहेर आलो. बाकावरच्या लोकांना म्हणालो, "उठा. आपापल्या गाडीचा ब्रेक दाबा. मुठीला टेकतो का बघा. इथे अ‍ॅव्हरेज कसं वाढतं ते कळेल तुम्हाला."

कोणी उठेना. एकाने मोबाइलमधून मान वर काढली. "तुमचं घरचं भांडण घरी करा हो. माझी गाडी किती वाजता मिळेल तेवढं सांगा."

एक बाई उठल्या. पुढे मुलीला उभं करून स्कूटर चालवणाऱ्या, महिन्यातून एकदा येणाऱ्या. त्यांनी लिव्हर दाबली. मुठीला टेकली. त्यांनी पुन्हा दाबली. मग दादाकडे बघितलं.

"ताई, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना," दादा दारातून म्हणाला, "काहीही करा, पण अ‍ॅव्हरेज वाढवून द्या."

बाई खरंच तसं म्हणाल्या होत्या. मी पाना घेतला आणि तिथेच बसून त्यांचे दोन्ही नट घट्ट केले. अकरा दिवसांनी पहिल्यांदा पाना परत खाली ठेवावासा वाटला नाही. मास्तर डायरी मिटून उभे होते. "माझा सैल करू नकोस मग," एवढंच म्हणाले. पाना मी खिशात घातला, तो माझा स्वतःचा होता. बाटली खिळ्यावरून काढून आपटावी असं फार वाटलं. नाही आपटली. दादाकडे अशा दहा बाटल्या आहेत. मोपेड हातगाडीवर घातली आणि घरी निघालो.

वाटेत मला आनंद होत होता, हे खोटं कशाला बोलू. बायकोला सांगेन, ती उठून बसेल, म्हणेल मला वाटलंच होतं, तू असं करणारच नाहीस. अशी सगळी वाक्यं मी तिच्या वतीने तयार करत होतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जांभळी बाटली मीच दिली होती."

"हो! तेच तर."

"मी डोक्यावर आपटले होते. मला नाही आठवलं. तू कुठे आपटला होतास?"

मी खाटेच्या कडेला बसलो.

"तुझा भाऊ खोटं बोलला. बरं. त्याला धंदा वाचवायचा होता. पण तुझे स्वतःचे हात, स्वतःची बाटली. त्याने एक फोटो दाखवला आणि तू मान्य करून टाकलंस? एकदा शेडमध्ये जाऊन गाडीकडे बघितलंसुद्धा नाहीस?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी अकरा दिवस इथे पडून तुला माफ करत होते. रोज सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून. तुला माहितीये किती जड जात होतं ते? पायापेक्षा जास्त दुखत होतं. आणि आता सांगतोस की माफ करण्यासारखं काही नव्हतंच. मग ते मी कुणासाठी केलं?"

"तुझ्यापुढे तरी खरा ठरलो ना मी," मी म्हणालो.

"तू माझ्यापुढे खोटं बोललास. माझंच चुकलं, म्हणालास. ते खोटं होतं. तुला माहीत नव्हतं म्हणून ते खरं होत नाही."

भाऊजींशी ती त्या दिवसापासून बोललेली नाही. दादा एकदा दारात आला होता, तिने आतूनच सांगितलं, "भाऊजी, तुमची माफी मागून झालेली आहे. तुमच्या भावाच्या वतीने. आता परत कशाला?" तो उंबऱ्यावरून परत गेला. तीस गाड्यांचं काम अजून त्याच्याकडेच आहे. त्या गाड्यांवरच्या पोरांना रस्त्यात बघतो तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या मागच्या चाकाकडे जाते.

मी आता घराच्या पुढच्या पडवीत काम करतो. पाटी नाही. गिऱ्हाइकं कमी, कारण अ‍ॅव्हरेज विचारलं की मी खरं सांगतो. मास्तर येतात, दर वेळी दोन किलोमीटरचं रडगाणं गातात आणि ब्रेक घट्ट करून जातात.

तीन महिन्यांनी मोपेड उभी राहिली. पुढचं चाक, फोर्क, दोन्ही तारा, सगळं नवीन घातलं. बायको काठी टेकत पडवीत आली, स्टुलावर बसली, दुखरा पाय लांब केला आणि हात पुढे केला.

"पाना दे."

"मी बसवतो ना."

"पाना दे म्हटलं."

दिला. ती वाकली, हळूहळू नट फिरवत गेली, मध्येच चाक फिरवून बघायची, लिव्हर दाबायची. दोनदा चुकली, चाक जाम झालं, पुन्हा सैल केला. मी जीभ चावून उभा. शेवटी लिव्हर दोन बोटं आत गेली आणि चाक जागच्या जागी थांबलं. माझ्यापेक्षा चांगला बसला होता, खरं सांगायचं तर.

मग तिने गाऊनच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. मूठ बंद होती, रंग दिसत नव्हता.

"कोणता आणलास?" मी विचारलं.

"तुला कशाला?"

"अगं, मला कळायला नको? कोणी हलवला तर..."

"मला कळेल. चालवणार मी आहे. तिकडे तोंड कर."

मी हसलो. ती हसली नाही. झाकणावर अंगठा ठेवून ती वाट बघत होती.

मी तोंड तिकडे केलं.